आरशांच्या कव्हरची बाटली

ललिते, तुझी बाटली माझ्याकडेच राहिली आहे. तीच, अर्ध्या लिटरची स्टीलची, जिला तुझ्या आईनं, आपल्या याडीनं, जुन्या घागऱ्याच्या कापडाचं कव्हर शिवून वर गोल आरसे लावले होते. नांदेडहून येताना माझ्या पिशवीत आली. याडीला परत द्यावी म्हणून मी दोनदा तांड्यावर गेले आणि दोन्ही वेळा तशीच घेऊन परत आले. आज अकरावा दिवस. बाटलीत अजून त्या दिवशीचं पाणी आहे. ते ओतून टाकायचा धीर मला होत नाही, आणि नुसतं झाकण काढायचाही होत नाही.

परवा सेनगावात तुझ्या वनखात्यानं शोकसभा घेतली. साहेबांनी तुझी जन्मतारीख, शिक्षण, नोकरीत कधी लागलीस, कुठली पदकं मिळवलीस, सगळं कागदावरून वाचून दाखवलं. शेवटी म्हणाले, "आपण एक गुणी धावपटू गमावली." मागच्या रांगेत मला हसूच आलं. जन्मभर चालण्याच्या शर्यती खेळलीस, धावलं की बाद व्हायचं असा तुझा खेळ, आणि मेल्यावर तुला धावायला लावलं. तू असतीस तर तोंडावर हात धरून इतकी हसली असतीस की आपल्या दोघींना बाहेर जावं लागलं असतं. मग मला बोलायला बोलावलं. मी उठले, माईकपर्यंत गेले आणि एक शब्द न बोलता परत येऊन बसले. वीस वर्षं शाळेत मराठी शिकवते आहे मी. पोरं भाषणात अडखळली की त्यांना रागावते. त्या दिवशी मला काही म्हणजे काही सुचलं नाही. म्हणून हे लिहिते आहे. तुला वाचता येणार नाही हे मला कळतं, पण दुसऱ्या कुणाशी हे बोलता येत नाही.

आपली ओळखच चालण्यातून झाली. साखरा गावाच्या वरच्या अंगाला तुमचा तांडा, त्याच्या पलीकडं आमच्या मेंढरांचा वाडा, आणि शाळा खाली गावात. पाचवीपासून आपण दोघी बरोबर निघायचो आणि तू आधी पोचायचीस. मी मागून ओरडायची, "थांब की गं!" तू म्हणायचीस, "तू चाल की गं!" आपलं सगळं भांडण इतकंच असायचं. तू एकदाही थांबली नाहीस, पण शाळेच्या फाटकापाशी उभी राहायचीस, मी आल्याशिवाय आत जायची नाहीस. त्यापायी आपण दोघींनीही छड्या खाल्ल्या आहेत.

तुमची माणसं एके काळी बैलांच्या पाठीवर माल लादून मुलूखभर फिरायची, आमची मेंढरांमागं फिरत आली. त्यामुळं असेल, पण पाण्याची रीत तुमच्याकडं आणि आमच्याकडं एकच होती. चालत्या माणसाला पाण्यासाठी थांबवायचं नाही, त्याच्या बरोबर चार पावलं चालून पाजायचं. आणि कुणी पाणी पुढं केलं, तर तहान असो नसो, घोटभर घ्यायचंच. देणाऱ्याला नाही म्हणायचं नाही. हे आपल्याला कुणी बसवून शिकवलं नाही, आपण ते बघत वाढलो. मी हे मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढं जे झालं ते सगळं ह्याच्यातूनच झालं.

लग्न मोडून तू तांड्यावर परत आलीस, वनरक्षकाच्या भरतीत उतरलीस. त्या भरतीत कोसच्या कोस चालायची परीक्षा असते. तू अशी चाललीस की बरोबरच्या बाया अर्ध्या वाटेत असताना तू झाडाखाली बसून शेंगा खात होतीस. तिथल्याच कुणीतरी तुला सांगितलं की नुसत्या चालण्याच्याही शर्यती असतात. तू मला येऊन सांगितलंस तेव्हा माझा विश्वास बसला नव्हता. "चालण्याची कुठं शर्यत असते व्हय?" मी म्हटलं. "हाय ना. एक पाय कायम जिमिनीला लागलेला पायजे आन् टेकलेला गुडघा ताठ पायजे. दोन्ही पाय हवेत दिसले की बाद," तू म्हणालीस आणि माझ्या अंगणात कंबर हलवत चालून दाखवलंस. मी हसून हसून पायरीवर बसले. सेनगावच्या रस्त्यावर तू तशी चालायला लागलीस तेव्हा तर जीपवाले हॉर्न मारायचे. एक म्हातारबा काठी टेकत जवळ आले आणि काळजीनं म्हणाले, "कंबरात तकलीफ हाय का लेकरा? काहून अशी चालून राहिलीस?" तू चालता चालताच म्हणालीस, "व्हय बाबा, लई तकलीफ हाय!" आणि पुढं निघून गेलीस.

रोज पहाटे तू पुढं आणि मी मागून स्कुटीवर. माझ्या हातात ही बाटली. तू डावा हात वर केलास की मी गाडी लावायची, तुझ्या बरोबर पळत बाटली द्यायची, तू दोन घोट घ्यायचीस आणि बाटली माझ्या हातात परत द्यायचीस. फेकायची नाहीस कधी. याडीनं शिवलेलं कव्हर मळेल म्हणून. नऊ वर्षं आपण हे केलं. तुला तहान कधी लागणार हे मला तुझ्या मानेवरून कळायचं. कित्येकदा तू हात वर करायच्या आधीच मी पोचलेली असायची, आणि त्याचा मला केवढा गर्व होता.

पस्तिशीच्या पुढच्या लोकांच्याही परदेशात स्पर्धा होतात, आणि त्यात तुझं नाव आलंय, हे तू मला कनेरगाव नाक्याच्या ढाब्यावर सांगितलंस. वर म्हणालीस, "तू न्हाई आलीस तर मी बी न्हाई जात." मी म्हटलं, मी कशाला? मला काय येतं? तू म्हणालीस, "पाणी कोण देईन मला?" त्या एका वाक्यावर मी पासपोर्ट काढला. शाळेतून परवानगी मिळवताना कारणाच्या रकान्यात काय लिहावं कळेना. मी लिहिलं, मैत्रिणीस पाणी देणे. मुख्याध्यापकांनी ते खोडून 'पर्यटन' लिहायला लावलं.

क्वालालंपूरला आपण उतरलो तेव्हा तू सगळ्यात आधी झाडं बघितलीस. मी इमारती बघत होते, दुकानं बघत होते आणि तू टॅक्सीतून मान बाहेर काढून, "शोभे, हे बघ काय झाड हाय," म्हणत होतीस. एका बागेत रबराच्या झाडाला चीर पाडून खाली वाटी बांधलेली होती आणि त्यात पांढरा चीक थेंब थेंब पडत होता. तू किती वेळ तिथं उभी होतीस. खोडाला हात लावून म्हणालीस, "ह्याला सलाईन उलटी लावून ठेवलीय बघ." मग आपण शहराबाहेरच्या डोंगरात गेलो, तिथं ती सोनेरी उंच मूर्ती आणि गुहेतल्या देवळापर्यंत चढत गेलेल्या रंगीत पायऱ्या. दोन दिवसांवर शर्यत, म्हणून तू चढली नाहीस. खाली माकडांपासून पिशवी सांभाळत बसलीस आणि मला वर पाठवलंस. "जाय, बघून ये आन् मला सगळं बराबर सांग." मी धापा टाकत वर गेले, खाली आले आणि तुला एकेक गोष्ट सांगितली. तू डोळे मिटून ऐकलंस. आयुष्यात पहिल्यांदा मी तुझ्या पुढं गेले होते. विमान, परदेश, ती गुहा, हे सगळं मला तुझ्यामुळं बघायला मिळालं, आणि ह्याबद्दल मी तुला कधी नीट शब्दांत काही म्हटलं नाही. आपल्यात तसं म्हणायची पद्धत नव्हती.

शर्यतीच्या आदल्या दिवशी दुपारी सगळ्यांना नियम सांगायची बैठक होती. माझं नाव त्यात नव्हतं, पण मला मागं बसता आलं असतं. तू म्हणालीस, "तू कशाला कंटाळतीस? ते दोन उंच बुरुज बघून ये. मी ऐकते, तुला सांगते." मी गेले, ललिते. मला ते बुरुज बघायचेच होते. मान मोडेपर्यंत वर बघितलं, फोटो काढले, खालच्या कारंज्यापाशी बसून गार काहीतरी प्यायले. परत आले तेव्हा तू पायाला तेल लावत होतीस. तू सांगायला लागलीस, "शोभे, ऐक, पाणी टेबलावरूनच..." आणि मी तुझ्या नाकासमोर फोन धरून म्हणाले, "आधी हे बघ!" मग मी एकेक फोटो दाखवत राहिले. तूही बघत राहिलीस. बोलणं तिथंच राहिलं. तुझं अर्धं राहिलेलं ते वाक्य मी किती वेळा मनात पूर्ण केलं असेल, त्याला गणती नाही.

सकाळीच ऊन आणि दमट हवा अशी की उभ्या उभ्या घाम निथळत होता. एक किलोमीटरची फेरी, ती दहा वेळा. मी दोरीच्या मागं. एका ठिकाणी टेबलं मांडली होती, तिथं आपल्या संघाचा माणूस पाणी द्यायला उभा होता. सहाव्या फेरीला तो दुसऱ्या एका बाईला बाटली देत होता आणि तू तशीच कोरडी पुढं निघून गेलीस. मी तुझी मान बघितली. मला दुसरं काही दिसलं नाही. मी दोरीखालून वाकून पुढच्या वळणावर गेले आणि सातव्या फेरीला तू आलीस तशी तुझ्या बरोबर पळत बाटली तुझ्या हातात दिली. तू घेतलीस. सवयच ती. दोन घोट, आणि बाटली परत माझ्या हातात. उन्हात ते आरसे असे चमकत होते की लांबच्या पंचालाही दिसले असतील. टोपीवाला एक माणूस लगबगीनं आला आणि त्यानं तुला पिवळं कार्ड दाखवलं.

चालण्यात चूक दिसली की पंच पिवळी पाटी दाखवतात एवढंच मला ठाऊक होतं. मला वाटलं, तुझा गुडघा वाकला. मी जिवाच्या आकांतानं ओरडायला लागले, "ललिते, गुडघा! गुडघा ताठ!" तू लांबून माझ्याकडं बघितलंस आणि डावा हात वर केलास. तू मला नको म्हणत होतीस, लांब राहा म्हणत होतीस. ते मला आत्ता कळतं. पण सात वर्षं डावा हात म्हणजे पाणी. नवव्या फेरीला तू तिसरी होतीस. तुझ्या मागची बाई बरीच मागं होती. मी परत वळणावर पळाले. तिथल्या रखवालदारानं मला अडवलं, मी त्याच्या हाताखालून निसटले, गुडघ्यावर पडले, पण बाटली सांडू दिली नाही. तशीच उठून लंगडत तुझ्या बरोबर पळायला लागले. तू बाटलीकडं बघितलंस. मग माझ्या गुडघ्याकडं. मग माझ्याकडं. आणि तू बाटली घेतलीस.

आता तुला माहीत होतं. पिवळं कार्ड मिळालेलं होतं. दुसऱ्यांदा टेबलाबाहेरचं पाणी घेतलं की लाल, म्हणजे बाद, हे तू आदल्या दिवशी बसून ऐकलं होतंस. तरी तू घेतलीस, प्यायलीस, कव्हर न मळू देता माझ्या हातात परत दिलीस आणि तशीच ताठ चालत गेलीस. पुढच्या टोकाला लाल कार्ड घेऊन तो माणूस उभा होता. तू रस्त्याच्या कडेला झालीस आणि फुटपाथवर बसलीस. मी पोचले तर तू बुटाची नाडी सोडत होतीस.

"काय झालं गं?"

"काही न्हाई. झालं आपलं."

संघाच्या मॅनेजरनं मला सगळं समजावून सांगितलं तेव्हा मला तिथंच धरणी दुभंगावी असं झालं. मी रडत तुला विचारलं, "तुला ठावं होतं ना? मंग काहून घेतलंस?"

तू म्हणालीस, "तहान लागली होती, एवढंच."

दुसऱ्या दिवशी तू मला ओढत त्या गुहेला घेऊन गेलीस. "आता पाय मोकळे हायत. चल." तू पायऱ्या चढत होतीस आणि मी मागं रडत होते. वर पोचल्यावर तू सगळीकडं बघून म्हणालीस, "तू सांगितलं होतं तसंच हाय बराबर." तिथल्या पुजाऱ्याला तू कागदात बांधून आणलेली वसमतची हळद दिलीस. त्यानं वास घेतला आणि खूश झाला. तू खूश झालीस. मी एकटीच दुःखी होते आणि पदक तुझं गेलं होतं. तुझी समजूत घालायची सोडून मी तुला माझी समजूत घालायला लावली, ह्याची मला आज लाज वाटते.

त्यानंतर दोन वर्षं आपलं एकच भांडण. चहा पिताना, तुझ्या राखणीच्या जंगलात, बीटवर, सागाच्या रोपांना आळी करताना, माझ्या घरी भाकरी थापताना मी विचारायची, काहून घेतलंस? माझं म्हणणं असं की मी पडले म्हणून तुला माझी कीव आली, तुझ्यानं मला नाही म्हणवेना म्हणून तू घेतलंस. तू म्हणायचीस, "लई इचार करतीस तू. मास्तरीण ना. तहान लागल्यावर मानूस पाणी पेतो." मी म्हणायची, खोटं. तू म्हणायचीस, "मंग ऱ्हाऊ दे खोटं." शेवटी मी नियमांचं पुस्तक मिळवलं आणि त्याचं मराठी करून वहीत उतरवून काढलं. पाणी कुठं द्यायचं, कुणी द्यायचं, किती पावलं बरोबर चालायचं, सगळं पाठ. पुढच्या स्पर्धेला माझ्याकडून काडीची चूक होणार नाही, असं मी तुला बजावलं. तू हात जोडलेस, "आता तू पंचच झालीस. मला भेव वाटून राहिलं तुझं."

मग तुझं पोट दुखायला लागलं. तीन दिवस तू ओवा चावत बीटवर फिरलीस. गॅस असेल म्हणालीस. मीही म्हटलं, गॅसच असेल. चौथ्या दिवशी शाळेत तास चालू असताना याडीचा फोन आला, "पोरी, लवकर ये, ललिता वाकून बसलीया, उठंना." हिंगोलीहून नांदेडला नेलं. आतड्याला भोक पडलंय, लगेच ऑपरेशन करावं लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "तोंडावाटे काहीही द्यायचं नाही. पाणीसुद्धा नाही. लक्ष ठेवा." मी म्हटलं, हो डॉक्टर. ते काम मी स्वतःकडं घेतलं. याडीला बाहेर बाकावर बसवलं, तिच्यानं राहवणार नाही म्हणून.

दुपारची वेळ होती. तुझे ओठ सुकून पांढरे पडले होते. हाताला सलाईन. तू नळीकडं बघून म्हणालीस, "रबराचं झाड केलं माझं." मी हसले. मग तू म्हणालीस,

"शोभे, पाणी दे ना गं."

"डॉक्टर नको म्हणले ललिते. ऑपरेशन झालं की देते."

"घोटभर."

"न्हाई गं. भूल द्यायचीय. पाणी वर आलं तर छातीत जातं म्हणं."

तू माझ्या मांडीवरच्या बाटलीकडं बघितलंस. मग तुझ्या तोंडावर ते नेहमीचं हसू आलं. "इथं कोण पिवळं कार्ड दाखवतंय? दे."

मी दिलं नाही. सिस्टरनं कापसाचा ओला बोळा दिला होता, तो तुझ्या ओठांवरून फिरवला. तू तो चोखायला गेलीस तर मी काढून घेतला. मग तुला बोलवेना. तू डोळे मिटलेस आणि डावा हात वर केलास. सलाईनचा हात होता तो. एवढासाच, वीतभर वर. मी तो धरला आणि हलकेच खाली गादीवर ठेवला. सुई हलू नये म्हणून. नऊ वर्षांत तू हात वर केलास आणि मी पाणी दिलं नाही असं एकदाच झालं. स्ट्रेचरवर घेताना तू म्हणालीस, "लई तहान लागली गं." मी म्हटलं, "आल्यावर देते. हे बघ, बाटली घिऊनच बसते इथं." आणि मी बसले.

ऑपरेशन झालं, पण तू शुद्धीवर आली नाहीस. दोन दिवस काचेच्या पलीकडून मी तुला बघत होते आणि मला काहीही करता येत नव्हतं. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी आम्हाला आत बोलावलं.

कयाधू नदीवर तुझ्या नावानं पाणी सोडायची वेळ आली तेव्हा तुमच्या भावकीची सगळी माणसं एकेक करून पुढं झाली. मी लांब उभी होते. मी कोण लागते? याडीनं मला हाक मारली. "शोभा, तू बी दे पोरी. तुझ्याच हातचं पेत होती ती." मी दोन पावलं पुढं गेले. मी वळले आणि रस्त्याला लागले. याडीला काय वाटलं असेल ते मी विचारलेलं नाही. तिला त्या दुपारचं काहीच माहीत नाही. कुठल्या तोंडानं सांगू? तांड्यावर बाटली घेऊन जाते, तिच्या शेजारी बसते, ती माझ्या पाठीवरून हात फिरवते आणि मी बाटली पिशवीतून काढत नाही.

तुझं ते उत्तर तू असेपर्यंत मी खोटं मानलं. आता वाटतं, कदाचित खरंच तुला तहान लागली असेल. पदकापेक्षा जास्त लागली असेल. आणि नसेल लागली, तर पुढं केलेला माझा हात तुला परत पाठवायचा नव्हता. दोन्हीपैकी काय ते तू आता सांगणार नाहीस. पण तू दिलंस तसं मला तुला देता आलं नाही, एवढं मात्र मला पक्कं ठाऊक आहे. जिथं नियम मोडायचा नव्हता तिथं मी मोडला. आणि नांदेडला मी तो शहाण्या पोरीसारखा पाळला.

काल मी परत नांदेडला गेले. दवाखान्यातले कागद आणायचे होते. पण खरं म्हणजे मला त्या डॉक्टरांना एक विचारायचं होतं. दारात बराच वेळ उभी राहिले. ते तरुण आहेत, माझ्या पहिल्या तुकडीतल्या मुलांएवढे असतील. मला खुर्ची दिली. मी विचारलं, "डॉक्टर, मी त्या दुपारी तिला दोन घोट पाणी दिलं असतं तर?"

त्यांना वाटलं, मी चोरून पाणी दिलं आणि आता मला तेच खातंय. ते पुढं झुकून फार मायेनं म्हणाले, "मॅडम, दिलं असेल तरी मनाला लावून घेऊ नका. आम्ही सांगतो ते खबरदारी म्हणून. पण आतली अवस्था आधीच इतकी बिघडली होती, दोन घोट पाण्यानं काही फरक पडला नसता."

मी उठले, त्यांना नमस्कार केला, कागद घेतले. बसस्टँडवर हिंगोलीची गाडी लागली होती. खिडकीपाशी बसून बाटली मांडीवर घेतली. आत पाणी हलल्याचा आवाज आला.

काही फरक पडला नसता, ललिते. तुझी तहान तेवढी भागली असती.